मुरघास : चाऱ्याच्या लोणच्याची परीक्षा
(परिसर अभ्यास व गणित – एकत्रित पाठ)



आपल्या रत्नागिरीत पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात. पण दिवाळी झाली की गवत वाळू लागतं आणि उन्हाळ्यात कातळावर गुरांना तोंड लावायलाही काही उरत नाही. मग गोठ्यात पेंढा. त्याने पोट भरतं, दूध मात्र वाढत नाही. म्हणून काही दूध उत्पादक मुरघास वापरतात. पण बॅगेतला मुरघास चांगला की वाईट, हे कसं ओळखायचं?

मुरघास कसा होतो?
मक्याचे दाणे चिकातून पिठावर येताना मका कापतात. सुमारे २ सेंटिमीटरचे तुकडे करून बॅगेत घट्ट दाबतात आणि हवाबंद करतात. आतले जीवाणू चाऱ्यातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. दही लागतं तसंच! आम्लामुळे चारा कुजत नाही. साधारण ४५ दिवसांत मुरघास तयार होतो.

घरच्या घरी तपासणी
१. रंग – पिवळसर हिरवा चांगला. काळपट तपकिरी म्हणजे आत उष्णता वाढून प्रथिनं वाया गेली.
२. वास – आंबटगोड हवा. कुजका किंवा अमोनियासारखा उग्र नको.
३. मूठ – मुठीत दाबल्यावर पाणी टपकलं तर जास्त ओला. मूठ उघडताच भुगा झाला तर जास्त कोरडा. गोळा हळूहळू सुटला तर योग्य.
४. सामू – पीएच पट्टीवर ३.८ ते ४.२.
५. बुरशी – दिसली तर तो भाग खायला घालू नये. काही बुरशींचं विष (अफ्लाटॉक्सिन) गाईच्या दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. भारतात दुधासाठी याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे. ते दूध आपलीच मुलं पितात, हे लक्षात असू द्या.

प्रथिनं आणि ऊर्जा नेमकी किती, हे मात्र प्रयोगशाळेतच कळतं.

गणित कुठे आलं?
१०० ग्रॅम मुरघास वजन घटायचं थांबेपर्यंत उन्हात वाळवा. ३० ग्रॅम उरला तर शुष्क भाग अंदाजे ३०%. आता मुलांना विचारा : गाईला रोज १५ किलो मुरघास घातला, तर शुष्क चारा किती? ४.५ किलो. पण दुसऱ्या बॅगेत शुष्क भाग २२% असेल तर? फक्त ३.३ किलो! वजन तेच, पैसे तेच, पण गाईच्या पोटात १.२ किलो चारा कमी. म्हणजे आपण पाण्याचे पैसे मोजले.

उपक्रम
जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून त्या पाण्यात मुरघासाचा अर्क टाका. रंग गुलाबी-लाल झाला की आम्ल आहे हे मुलांना दिसेल. बुरशी आलेला नमुना वर्गात आणू नये.

पालकांनो, गोठ्यात नवी बॅग उघडाल तेव्हा मुलांना सोबत घ्या. तारीख, रंग, वास, मूठ आणि त्या दिवसाचं दूध वहीत लिहायला सांगा. महिन्याभरात मूल स्वतःच सांगेल, कोणती बॅग गाईला मानवली.