सात जणांची ओढ सातपट का नसते?

शाळेच्या क्रीडास्पर्धांत रस्सीखेचीइतका गोंगाटाचा खेळ दुसरा नसेल. दोन्ही बाजूंना आठ-आठ गडी, मध्ये रुमाल बांधलेला जाड दोर, आणि शिट्टी होताच दोन्हीकडून उठणारी आरोळी. सामना जिंकला तर श्रेय सर्वांचे असते. हरला मात्र की दोष द्यायला एखादा हमखास सापडतो. “तो नुसता दोराला लोंबकळत होता,” असे सोबतीच म्हणतात आणि कधी कधी शिक्षकही मान डोलावतात. हा आरोप खरा की खोटा, हे कोणी मोजून पाहिले आहे काय? आणि मोजायचे तरी कसे? ओढ ताणकाट्यावर मोजता येते. मन कोणत्या काट्यावर मोजणार?

विद्यार्थी मित्रांनो, हे मोजमाप झालेले आहे आणि त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. तिची सुरुवात मानसशास्त्रज्ञाने नव्हे, तर एका शेतकी अभियंत्याने केली.

शेतकी अभियंत्याचा दोर

मॅक्स रिंगेलमान हा फ्रान्समधील शेतकी अभियंता. बैल, घोडा, माणूस आणि यंत्र यांपैकी कोणाकडून किती काम मिळते, हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. १८८२ ते १८८७ या काळात त्याने माणसांना आडवा दोर ओढायला लावून त्यांची ओढ बलमापकावर मोजली. बलमापक म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतील ताणकाट्याचाच थोरला भाऊ. हे निष्कर्ष त्याने १९१३ साली प्रसिद्ध केले.

एकटा माणूस सरासरी ८५.३ किलोग्रॅम-भार एवढी ओढ देत असे. सात जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला ६५ किलोग्रॅम-भार येई, तर चौदा जण असताना ६१.४. म्हणजे सात जणांकडून अपेक्षित होते ५९७, पण मिळाले सुमारे ४५५. जवळजवळ दोन माणसांची ओढ कोठेतरी गडप झाली! ‘बारभाईची शेती, काय लागे हाती’ ही आपली म्हण येथे आकड्यांत उतरलेली दिसते.

परंतु म्हण लागू पडली म्हणून कारण सापडले, असे समजू नये. गळती किती, हे कळले. ती कोठून झाली, हे अजून शोधायचे आहे.

गळती कोठे होते?

तीन ठिकाणी संशय घेता येतो. पहिला संशय दिशेवर. बल ही सदिश राशी आहे. दोराच्या दिशेशी काही कोन करून ओढले, तर त्या कोनाच्या कोज्याइतकाच भाग उपयोगी पडतो. पण १०° चा कोन झाला तरी कोज्या ०.९८५ असते, म्हणजे नुकसान दीड टक्काच. सात जणांच्या प्रयोगात ओढ ७६ टक्क्यांवर आली. केवळ दिशेमुळे एवढी घट व्हायची, तर प्रत्येकाने सुमारे ४०° तिरपे ओढायला हवे. एवढे तिरपे कोणी ओढत नाही. तेव्हा दिशा ही मुख्य गुन्हेगार नव्हे.

दुसरा संशय वेळेवर. माणूस सतत सारखी ओढ देत नाही, झटक्याझटक्याने देतो. समजा, प्रत्येक गडी एका क्षणी ९० आणि पुढच्या क्षणी ६० अशी ओढ देतो. सातही जणांचे झटके एकाच क्षणी आले, तर काटा ६३० दाखवील. पण चौघांचा झटका एका क्षणी आणि तिघांचा दुसऱ्या क्षणी आला, तर काटा ५४० च्या वर जाणारच नाही. कोणीही अंगचोरी न करता ९० ची तूट आली! रस्सीखेचीत एक जण बाजूला उभा राहून ठेका देतो, तो यासाठीच.

तिसरा संशय मनावर. ‘इतके जण आहेत, माझ्या थोड्या ढिलाईने काय बिघडते?’ असे मन नकळत म्हणत असेल काय? रिंगेलमानचा भर ताळमेळाच्या अभावावर होता. पण ही शक्यताही त्याच्या ध्यानात आली होती. पिठाच्या गिरणीचा दांडा फिरवणाऱ्या कैद्यांच्या बाबतीत प्रत्येक जण शेजाऱ्यावर विसंबतो आणि दांड्याबरोबर नुसता हात फिरवत राहतो, असे त्याने नमूद केले आहे.

आता अडचण अशी की, दुसरे व तिसरे कारण एकाच काट्यावर एकत्र उमटते. त्यांना वेगळे कसे करायचे?

डोळे बांधलेला पहिला गडी

हे कोडे १९७४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ॲलन इंगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवले. त्यांनी आधी खरेखुरे गट घेऊन रिंगेलमानचा प्रयोग पुन्हा केला. एकट्याची ओढ १०० मानली, तर दोघांत ती दरडोई ९१, तिघांत ८२ आणि सहा जणांत ७८ भरली. रिंगेलमानचा कल खरा ठरला.

मग त्यांनी एक युक्ती केली. ज्याची ओढ मोजायची, त्याला दोरावर सर्वांत पुढे उभे केले आणि त्याचे डोळे बांधले. मागे प्रयोगकर्त्यांचीच माणसे उभी होती. ती दोर धरीत, जोर लावल्यासारखे हुंकार देत, पण ओढत मात्र नसत. पुढच्या गड्याला वाटे, आपण पाच जणांबरोबर ओढत आहोत. प्रत्यक्षात तो एकटाच ओढत असे.

या प्रयोगाचे मर्म लक्षात घ्या. ओढणारा एकच असल्यामुळे दिशा चुकण्याचा किंवा झटके पुढेमागे होण्याचा प्रश्नच उरला नाही. यंत्रशास्त्राच्या दोन्ही गळत्या बंद झाल्या. आता काटा खाली आला, तर ते केवळ मनामुळेच. आणि काटा खाली आला! एका सोबत्याच्या कल्पनेने ओढ ९० वर आली, दोन सोबत्यांच्या कल्पनेने ८५ वर. त्यापुढे सोबती वाढवले तरी ती फारशी उतरली नाही.

खऱ्या सहा जणांच्या गटातील तूट होती २२. खोट्या गटातील १५. हे दोन निरनिराळे प्रयोग असल्याने वजाबाकी स्थूलमानानेच करायची. तरीही तुटीचा मोठा वाटा मनाचा होता, असे दिसते.

टाळ्यांचा हिशेब

१९७९ साली बिब लाटाने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी दोराऐवजी टाळ्या आणि आरोळ्या घेतल्या. शक्य तितका मोठा आवाज करा, एवढीच सूचना. ध्वनीचा दाब मोजला, तेव्हा एकट्याच्या मानाने दरडोई दाब दोघांत ७१ टक्के, चौघांत ५१ टक्के आणि सहा जणांत ४० टक्के भरला. वाचणारा म्हणेल, पाहा, केवढी ही ढिलाई!

पण येथे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने हात वर करायला हवा. अनेकांच्या आवाजातील लहरींचे उंचवटे एकमेकांशी जुळलेले नसतात. अशा आवाजांची बेरीज करताना दाबांची नव्हे, तर ऊर्जेची बेरीज होते; आणि दाब ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून सहा जणांनी प्रामाणिकपणे पूर्ण जोर लावला, तरी दाब सहापट न होता √६ म्हणजे २.४५ पट होईल. दरडोई वाटा निघेल ४१ टक्के. चौघांत ५० टक्के, दोघांत ७१ टक्के. प्रयोगातील आकड्यांशी ताडून पाहा. ते जवळजवळ तेच आहेत! तेव्हा नुसत्या या आकड्यांवरून कोणालाही आळशी ठरवता येणार नाही.

म्हणूनच या संशोधकांचा पुढचा प्रयोग महत्त्वाचा. त्यांनी माणसांचे डोळे बांधले, कानांवर हेडफोन चढवून त्यांत गोंगाट सोडला, आणि काही वेळा प्रत्यक्षात एकट्यालाच ओरडायला लावून ‘तुम्ही गटात आहात’ असे भासवले. आवाज एकाचाच, म्हणजे लहरींच्या बेरजेची भानगड नाही. तरीही दुसरा एक जण सोबत आहे असे वाटताच आवाजाचा दाब ८२ टक्क्यांवर आला, आणि सहा जण आहोत असे वाटताच ७४ टक्क्यांवर. आधी निसर्गनियमाचा वाटा वजा केला, तेव्हाच मनाचा वाटा खात्रीने हाती लागला. समूहातील या ढिलाईला मानसशास्त्रात आज स्वतंत्र नाव आहे आणि तिचा अभ्यास हा सामाजिक मानसशास्त्राचा एक महत्त्वाचा विषय झाला आहे.

मग शर्यतीत वेग का वाढतो?

येथे एक चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “पण सर, सोबत कोणी धावत असले की आपण अधिक जोरात धावतो, त्याचे काय?” प्रश्न रास्त आहे. १८९८ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट याने नेमके हेच तपासले होते. सायकलस्वारांच्या नोंदींत त्याला दिसले की, एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबत स्पर्धक असलेला स्वार पुष्कळ वेगाने जातो. अर्थात पुढच्या सायकलच्या आडोशाने वाऱ्याचा रोध कमी होतो, हेही त्याला माहीत होते. म्हणून त्याने वाऱ्याचा संबंधच नसलेला प्रयोग योजला. ४० मुलांना मासेमारीच्या गळाची रिळे फिरवायला दिली, कधी एकट्याने आणि कधी जोडीने. जोडीने फिरवताना सुमारे निम्म्या मुलांचा वेग वाढला, दहा जणांचा चढाओढीच्या घाईने बिघडला, आणि दहा जणांवर विशेष परिणाम झाला नाही. २००५ साली याच आकड्यांची आधुनिक संख्याशास्त्राने पुन्हा तपासणी झाली, तेव्हा हा परिणाम ट्रिप्लेटला वाटला त्याहून बराच लहान ठरला. पुढे १९६५ मध्ये रॉबर्ट झायॉन्क यांनी नियम सुचवला तो असा: अंगवळणी पडलेले काम इतरांच्या उपस्थितीत सुधारते, तर नवे किंवा अवघड काम बिघडते.

मग सोबत्यामुळे रीळ फिरवणाऱ्याचा उत्साह वाढतो आणि दोर ओढणाऱ्याचा कमी होतो, हे कसे? फरक असा की, शर्यतीत तुमचा वेळ तुमच्या नावावर लागतो. दोरावर मात्र तुमची ओढ आठांच्या ओढीत मिसळून जाते. तिच्यावर तुमचे नाव नसते.

नाव लागले की ओढ वाढते

हा तर्क १९८१ साली त्याच तिघा संशोधकांनी तपासला. गटात ओरडतानाही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जात आहे, असे सांगताच ढिलाई नाहीशी झाली. उलट, एकट्याने ओरडतानाही आपला आवाज वेगळा ओळखला जाणार नाही, असे वाटले तेव्हा माणसे एकटी असूनही ढिली पडली. म्हणजे मूळ कारण गर्दी हे नव्हे. आपला वाटा दिसेनासा होणे, हे आहे.

१९८९ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन जलतरणपटूंवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. चौघांच्या टप्प्याच्या शर्यतीत प्रत्येकाचा वेळ जाहीर केला नाही, तेव्हा तेच खेळाडू एकट्याने पोहताना लागलेल्या वेळापेक्षा सावकाश पोहले. वेळ मोठ्याने जाहीर केला, तेव्हा ते एकट्यापेक्षाही जलद पोहले. तेच खेळाडू, तेच पाणी. बदलली ती फक्त व्यवस्था.

१९९३ मध्ये अशा ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. काम मोलाचे वाटत असेल, गटात जिव्हाळा असेल, आपल्यावाचून काम अडेल असे वाटत असेल, तर ढिलाई कमी होते असे त्यात दिसले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी: ढिले पडलेल्या माणसाला आपण ढिले पडलो आहोत याची बहुधा जाणीव नसते, किंवा ते तो मान्य करत नाही. “मी पूर्ण जोर लावला होता,” असे म्हणणारा गडी खोटे बोलतोच असे नाही.

मैदानावर आणि वर्गात

आता हरलेल्या संघाकडे परत वळू. आठ जणांतील एकाला आळशी ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. ठेका चुकला होता का? तो चुकला असेल, तर दोष कोणाच्याच मनाचा नाही. आणि ठेका बरोबर असेल, तर प्रत्येकाचा वाटा कोणाला दिसत होता का? तो दिसत नसेल, तर थोडी ढिलाई आठही जणांत असण्याचा संभव अधिक. एकट्याला वेगळे काढणे अन्यायाचे होईल.

कबड्डीत चढाई करणाऱ्याचे गुण त्याच्या नावावर लागतात, खो-खोत पळणारा किती वेळ टिकला हे घड्याळ सांगते. रस्सीखेचीत असे काही नाही, म्हणून ती व्यवस्था शिक्षकांनी करावी. सरावात प्रत्येकाची एकट्याची ओढ मोजून फळ्यावर लिहावी. दर आठवड्याला ती पुन्हा मोजावी. प्रत्येक गड्याला त्याची जागा आणि कामगिरी नेमून द्यावी. वर्गातील गटप्रकल्पालाही हेच लागू आहे. सहा जणांच्या वहीवर एकच गुण देण्याऐवजी कोणी काय केले, याला एक रकाना ठेवला, तर ‘एकाने लिहायचे आणि पाच जणांनी सही करायची’ हा प्रकार बराच कमी होईल. मात्र अगदी नवे कौशल्य शिकवताना सर्वांसमोर मोजमाप करण्याची घाई करू नये. झायॉन्क यांचा नियम येथे उपयोगी पडतो.

करून पाहा

हल्ली मोबाइल फोनवर ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये दाखवणारी सोय मिळते. शांत खोलीत आठ जण वर्तुळात बसा आणि फोन बरोबर मध्यभागी ठेवा. प्रत्येकाने एकट्याने पाच सेकंद जोरात टाळ्या वाजवाव्यात. नोंदी साधारण सारख्या आल्या, तर त्यांची सरासरी काढा. सारख्या आवाजांची संख्या दुप्पट झाली की पातळी ३ डेसिबेलने वाढते. म्हणून दोघांत ३, चौघांत ६ आणि आठांत ९ डेसिबेलची वाढ अपेक्षित आहे. आता सर्वांनी मिळून टाळ्या वाजवा. वाढ ९ पेक्षा कमी आली काय?

मग दुसरी फेरी घ्या. या वेळी वर्तुळाबाहेर आठ निरीक्षक उभे करा. प्रत्येकाने एकाच वाजवणाऱ्यावर लक्ष ठेवून त्याला गुण द्यायचे. पातळी बदलली का, ते नोंदवा. दोन्ही फेऱ्या तीन-तीन वेळा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. आणि आकडा कमी आला, तर लगेच शेजाऱ्याकडे पाहू नका. आधी √८ चा हिशेब तपासा.