अंड्याचा रंग आणि परसातील कोंबडीची निवड

कोल्हापूर जिल्ह्यातील ग्रामीण कुटुंबात परसातील कोंबडी ही बहुधा घरातील स्त्रीच्या हक्काची मिळकत असते. दुधाचा हिशेब डेअरीत होतो, उसाचा कारखान्यात होतो. अंड्यांचे पैसे मात्र तिच्या हातात येतात आणि मुलांच्या वह्या, तेलमीठ, एसटीचे भाडे अशा किरकोळ गरजा त्यांतून भागतात. म्हणूनच कोणत्या जातीची कोंबडी घ्यावी, हा प्रश्न वरकरणी लहान दिसला तरी त्या कुटुंबापुरता तो मोठा आहे. अलीकडे हा निर्णय अंड्याच्या रंगावरून घेण्याकडे लोकांचा कल दिसतो. तपकिरी अंडे ते गावठी व म्हणून पौष्टिक, पांढरे ते निकस, असा समज बाजारात दृढ आहे. त्यात आता निळ्या अंड्यांची भर पडली आहे. २०२५ मध्ये कर्नाटकातील दावणगेरे जिल्ह्यात एका कोंबडीने निळसर अंडे दिल्याची वार्ता आली, तेव्हापासून तर ‘निळी अंडी देणारी जात आपल्याकडे मिळेल काय’ ही चौकशी केवळ कुतूहलाची राहिलेली नाही.

रंग येतो कोठून?

अंडवाहिनीत अंडे पूर्ण तयार होण्यास साधारणपणे २४ ते २६ तास लागतात आणि त्यांपैकी सुमारे २० तास कवच चढण्यात जातात. कवच मुख्यत्वे चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असते व मुळात ते पांढरेच असते. ऱ्होड आयलंड रेडसारख्या जातीत शेवटच्या काही तासांत प्रोटोपॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य कवचाच्या बाहेरील भागावर बसते व अंडे तपकिरी होते. अशा अंड्याचे कवच फोडून पाहिल्यास आतली बाजू जवळजवळ पांढरीच दिसते. चहाच्या पाण्यात बुडवून ‘गावठी’ केलेल्या अंड्यांची शंका आल्यास काही ग्राहक आतला पांढरा रंग पाहून अंडे खोटे ठरवितात. ही कसोटी चुकीची असून तिच्यामुळे प्रामाणिक विक्रेत्यावर विनाकारण आळ येतो.

निळ्या अंड्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य कवच तयार होत असतानाच त्यात मुरते. त्यामुळे कवच आतूनबाहेरून निळे असते. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाची अरौकाना ही कोंबडी यासाठी प्रसिद्ध आहे. साल्वादोर कास्तेयो या स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञाने १९२१ मध्ये हेग येथील जागतिक कुक्कुट परिषदेत तिची माहिती दिली आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. इंग्लंडमधील आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी १९३३ मध्ये हा निळा गुण प्रभावी असल्याचे दाखवून दिले. पुढे २०१३ मध्ये त्याचे मूळ उलगडले. फार पूर्वी एका विषाणूचा अंश कोंबडीच्या गुणसूत्रात शिरून बसला व त्यामुळे अंडवाहिनीत बिलिव्हर्डिन वाहून आणणारे एक जनुक जागे झाले. चीनमधील डोंगशियांग व लुशी या निळ्या अंड्यांच्या जातींत हाच प्रकार स्वतंत्रपणे घडलेला आढळला. विषाणूचा उल्लेख आला म्हणून भिण्याचे कारण नाही. तो अंश पिढ्यान्‌पिढ्या कोंबडीच्या वंशाचाच भाग झालेला आहे आणि अंडे खाण्यास इतर अंड्यांइतकेच निर्धोक आहे.

या सर्व विवेचनातून शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावी अशी एक बाब निघते. कवचाचा रंग कोंबडीचा वंश सांगतो, अंड्याचा कस सांगत नाही. मध्यम आकाराच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, मग कवच पांढरे असो, तपकिरी असो वा निळे असो. बलकाचा गडद पिवळेपणा हिरवा चारा व पिवळा मका यांच्या खाण्यातून येतो. मोकळी फिरणारी गावठी कोंबडी पाला, किडे, उकिरड्यावरील धान्य खाते म्हणून तिच्या अंड्याचा बलक पिवळाधमक दिसतो. हाच आहार पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्नला दिला तर तिचा बलकही तसाच होईल.

निळा गुण गावात टिकेल काय?

समजा, एखाद्याने शुद्ध निळ्या वंशाचा नर मिळवून तो गावठी माद्यांत सोडला. गुण प्रभावी असल्यामुळे पहिल्या पिढीच्या सर्व माद्या निळसर किंवा, गावठी वंशातील तपकिरी छटा वर बसल्यास, हिरवट अंडी देतील. मालक खूश होईल. परंतु याच माद्यांचा संकर गल्लीतल्या साध्या कोंबड्याशी झाला की पुढच्या पिढीत निम्म्याच माद्यांत तो गुण उतरेल, त्यापुढे आणखी कमी. नर तर अंडे देत नाही. त्याच्या अंगी गुण आहे की नाही हे त्याला पाहून कळत नाही. परसातील कळप मोकळा असतो, शेजाऱ्याचा कोंबडा कुंपण मानीत नाही. थोडक्यात, वेगळा बंदिस्त कळप व नोंदवही ठेवणाऱ्यालाच हा रंग टिकविता येईल. शिवाय परदेशातून जिवंत पक्षी वा उबवणुकीची अंडी आणण्यास केंद्र शासनाची परवानगी लागते, विलगीकरणाचे नियम असतात. त्यामुळे ‘अरौकाना’ म्हणून हातोहात विकली जाणारी पिल्ले खरोखर त्या वंशाची आहेत, याची खातरजमा सामान्य शेतकऱ्याला करता येत नाही. एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर अंड्याचा रंग लिहिलेला नसतो. तो कळायला पाचसहा महिने जावे लागतात.

या भागाने अशा नवलाईची किंमत एकदा मोजलेली आहे. मध्य प्रदेशातील झाबुआची कडकनाथ ही चांगली देशी जात. तिच्या काळ्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिचे अंडे मात्र काळे नसून फिकट तपकिरी असते आणि वर्षाला ते शंभराच्या आसपासच मिळते. तरीही ‘पिल्ले घ्या, अंडी व पक्षी चढ्या भावाने आम्हीच परत घेऊ’ अशा करारांवर सांगली, कोल्हापूर, सातारा भागांतील अनेकांनी पैसे गुंतविले आणि २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे फसवणुकीचे प्रकरण उघडकीस आले. दोष कोंबडीचा नव्हता. खुल्या बाजारात त्या भावाने गिऱ्हाईक आहे काय, हे आधी पाहिले गेले नाही. निळ्या अंड्यांचे असेच करार उद्या गावात आले, तर ग्रामपंचायत सदस्यांनी हा एकच प्रश्न विचारावा: कंपनीने अंडी उचलली नाहीत, तर आठवड्याच्या बाजारात ती कोण घेणार? गावठी म्हटले की तपकिरी, हे गिऱ्हाइकाच्या मनात इतके पक्के आहे की निळे अंडे तो कदाचित नासके समजून बाजूला सारील.

जिल्ह्यास मानवणाऱ्या जाती

मग निवड कशावरून करावी? कोल्हापूर जिल्ह्यात याचे उत्तर तालुक्यागणिक बदलते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेकडील पट्ट्यात पाऊस कित्येक हजार मिलिमीटर पडतो, तर शिरोळला पाचसहाशे मिलिमीटरवर भागते. पश्चिमेला ओल, रक्ती हगवण, मुंगूस, रानमांजर आणि घार यांचा उपद्रव. तेथे हलक्या अंगाची, चटकन उडून झाडावर बसणारी, मातकट रंगाची गावठी कोंबडीच अधिक तगते. ती वर्षाला ५० ते ६० अंडी देते हे खरे, पण ती खुडूक बसते, पिल्ले काढते, त्यांना घेऊन हिंडते व घारीची सावली पडताच पंखाखाली घेते. हा गुण यंत्राने देता येत नाही.

पूर्वेकडील उघड्या, कोरड्या गावांत व जेथे रात्री बंद करता येईल असे पक्के खुराडे आहे तेथे सुधारित जातींना वाव आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया या जाती परसासाठीच आहेत. वनराजा अंडी व मांस दोन्हींसाठी असून परसात वर्षाला १०० ते ११० अंडी देते. ग्रामप्रिया प्रामुख्याने अंड्यांसाठी असून तिच्याकडून १६० ते १८० अंड्यांची अपेक्षा ठेवता येते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजाही याच प्रकारची. या सर्वांची अंडी तपकिरी, म्हणजे बाजाराला हवी तशीच असतात. मात्र त्या सहसा खुडूक बसत नाहीत. वनराजासारखी अंगाने जड कोंबडी शत्रूपासून पळण्यातही मंद असते. त्यांच्याच अंड्यांतून काढलेल्या पुढच्या पिढीत मूळचे उत्पादन टिकत नाही, हेही ध्यानी घ्यावे. निळ्या रंगाबाबत वर जे सांगितले तेच येथे अंड्यांच्या संख्येबाबत घडते. दर खेपेस नवे पक्षी खात्रीच्या केंद्रातून आणणे भाग आहे. शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र कोल्हापुरातच असल्याने त्यासाठी लांब जावे लागत नाही.

ज्या घरात पिल्लांना पहिले चार ते सहा आठवडे दिव्याची ऊब, कोरडे तूस व वेळेवर पाणी देण्यास माणूस नाही, तेथे एक दिवसाची पिल्ले स्वस्त पडतात म्हणून घेऊ नयेत. आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात. कुक्कुट विकासाच्या जिल्हा योजनेतील २५ तलंगा व ३ नरांचा गट याच विचाराने आखलेला आहे. सुधारित माद्यांबरोबर दोनतीन गावठी माद्या ठेवल्यास उबवणीचा प्रश्न घरीच सुटतो. एका खुडूक कोंबडीखाली दहाबारा अंडी ठेवावीत व २१ व्या दिवशी पिल्ले निघतील हे धरून आधीच खुराड्याची डागडुजी करावी.

तलंगा आणण्याचा काळ पश्चिम भागात पाऊस ओसरल्यानंतरचा उत्तम. घेताना मानमोडी व देवी या रोगांच्या लसी दिल्या आहेत काय आणि कोणत्या तारखेस, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे व तो कागद पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून पुढील मात्रेची तारीख ठरवावी. नव्या पक्ष्यांना दोन आठवडे जुन्या कळपापासून दूर, वेगळ्या डालग्याखाली ठेवावे आणि त्यांचे पाण्याचे भांडेही वेगळे असावे.