सकाळी भरलेली बाटली

डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं का?" मी ठामपणे म्हटलं, "नाही. आमच्याकडे बाहेरचं येतच नाही. घरी केलेला आंब्याचा शेक प्यायला, तेवढंच." त्यांचा पुढचा प्रश्न होता, "केला किती वाजता आणि प्यायला किती वाजता?"

उत्तर देता देताच माझी चूक मला कळली. केला पहाटे साडेपाचला. प्यायला दुपारी साडेबाराला. मध्ये सात तास, कोलाडचा एप्रिल आणि बंद बाटलीत दूध.

माझा आठ वर्षांचा मुलगा त्या संध्याकाळपासून उलट्या आणि जुलाबांनी बेजार झाला होता. रात्री सलाईन लावावं लागलं. तिसऱ्या दिवशी तो पेज प्यायला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. निघताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "ताई, घरचं म्हणजे आपोआप चांगलं असं नसतं. घरचं म्हणजे आपल्या हातातलं." ते वाक्य मी विसरलेले नाही. माझ्यासारख्या घाईत जगणाऱ्या आयांसाठी हे लिहिते आहे.

आमचं घर आंबेवाडी नाक्यापासून आत. यजमान धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, पहिली पाळी असली की सव्वासहाला घराबाहेर. मुलाची गाडी साडेसहाला. मी रोह्याला पतसंस्थेत. घरी सासूबाई, सासरे आणि तीन वर्षांची मुलगी. सकाळी पोळ्या, भाजी, तीन डबे. मुलगा नाश्ता अर्धवट टाकून जायचा आणि शाळेबाहेर रंगीत पेप्सीकोला, पुडीतले कुरकुरे घ्यायचा. ते बंद करायचं म्हणून मी मिक्सर काढला. केळं, चिकू, आंबा, दूध, वर चार खजूर. एक पेला पोटात गेला की फळ झालं, दूध झालं, नाश्ता झाला, असं मला मनापासून वाटत होतं. मुलाची बाटली भरायची, सासऱ्यांचा पेला झाकून ठेवायचा, मुलीचा कप फ्रिजमध्ये. वर्षभर हे चाललं, आणि त्या वर्षात मी तीन चुका केल्या.

पहिली चूक वेळेची. दूध, फळाचा गर आणि ऊब एकत्र आली की जंतूंना हवं ते सगळं मिळतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात ते झपाट्याने वाढतात. म्हणून नासणारा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत दिवसभर एकच तास धरायला हवा. स्टीलची गार ठेवणारी बाटलीही मला वाचवू शकली नाही. सकाळी फ्रिजमधलं दूध आणि घरातलाच कोमट आंबा एकत्र फिरवला, तेव्हा शेक मुळातच पुरेसा गार नव्हता. दुसरं असं की, मुलगा आजारी पडल्यावर मी झाकणातली रबरी कडी सुरीच्या टोकाने उचकटून काढली. खाली पिवळट, चिकट थर होता आणि आंबूस वास येत होता. बाटली मी रोज धूत होते, कडी एकदाही काढली नव्हती.

दुसरी चूक गोडीची. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, दहा वर्षांपासून मधुमेह. चहा-बिस्किटांऐवजी मी त्यांना शेक द्यायला लागले. फळाची साखर नैसर्गिक, ती बाधत नाही, अशी माझी समजूत. चार महिन्यांनी तपासणीत त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर चांगलीच वर गेलेली निघाली. पेल्यात काय काय जातं ते मी कागदावर मांडलं: दोन केळी, दोन चिकू, चार खजूर, पेलाभर दूध. मध्यम केळ्यात बारा ते चौदा ग्रॅम साखर असते. खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. हेच सगळं ताटात मांडून बाबांपुढे ठेवलं असतं तर त्यांनी एक केळं खाऊन हात धुतले असते. मिक्सरमध्ये ते पाच मिनिटांत पोटात गेलं. चावणं राहिलं, आणि चावताना पोट भरल्याची जी जाणीव होते तीही राहिली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्या हिशेबात धरली आहे, अख्ख्या फळातली धरलेली नाही. अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांच्या आत ठेवा, असं त्यात म्हटलं आहे. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. त्यात सकाळ-संध्याकाळचा चहा आलाच.

तिसरी चूक मुलीच्या बाबतीत झाली, आणि ती लक्षात यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कपभर गोड दूध पिऊन ती जेवायच्या वेळी तोंड फिरवायची. वरण-भात, भाजी, अंडं सगळं मागे पडलं. लहान मुलाचं पोट दुधानेच भरत राहिलं तर लोह कमी पडतं, कारण दुधात ते फारसं नसतं. शिवाय ती कप हातात घेऊन तासभर घोट घोट पीत फिरायची, म्हणजे दातांवर तासभर गोडाचं पाणी.

त्या एप्रिलनंतर आमच्या स्वयंपाकघरात काही नियम ठरले. ते असे.

दूध घातलेलं पेय घराबाहेर जात नाही. करायचं तर सगळे घरात असताना, पेल्यात ओतून, पाटावर बसून, तेव्हाच प्यायचं. उरलं तर लगेच फ्रिजमध्ये आणि त्याच दिवशी संपवायचं. बाटलीत फक्त पाणी. रबरी कडी रोज रात्री काढून गरम पाण्याने धुवायची आणि कोरडी करून बसवायची. मिक्सरच्या पात्याखालचीही तशीच.

डब्यात अख्खं फळ जातं. सालीइतकं चांगलं झाकण दुसरं नाही. केळं, संत्रं, पेरू, चिकू, थंडीत बोरं. धुवून, पुसून ठेवायचं, कापायचं नाही. शेकसाठी सोलणं, फिरवणं, भांडी घासणं यात माझी वीस मिनिटं जायची. फळ डब्यात टाकायला दोन मिनिटंही लागत नाहीत. घाईच्या घराला सोपं काय, हे मला वर्षभर उलटंच दिसत होतं.

शेक आठवड्यातून एकदा, आणि मापात. एका माणसाला छोटी वाटी दूध किंवा ताजं दही आणि अर्धं फळ. साखर, मध, खजूर काही नाही. आंबा पिकलेला असेल तर गोडी पुरते. अननस कच्चाच दुधात फिरवू नका. त्यातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि शेक कडू होतो. अननस असाच खावा, किंवा आधी शिजवून घ्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये आणि फळांचा रसही नको. गर कुस्करून चमच्याने भरवावा.

मधुमेह असलेल्यांना अख्खं फळ, तेही त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. बाबा आता अकराच्या सुमाराला सालीसकट अर्धा पेरू सावकाश चावून खातात. पुढच्या तपासणीत त्यांची साखर खाली आली. औषधही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय पेरूला देत नाही. पण पेला गेला, हे नक्की चांगलं झालं.

लहान मुलांना बिया काढून. मे महिन्यात महामार्गाच्या कडेला आदिवासी बाया पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसतात. आमच्या भागातला याहून चांगला खाऊ मला माहीत नाही, पण जांभळाची बी किंवा अख्खं द्राक्ष चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. जांभळाचा गर काढून द्यावा, द्राक्ष उभं चिरावं, आणि पळता पळता काहीही खाऊ देऊ नये.

मग खाऊ म्हणून करायचं काय? उत्तर सासूबाईंकडे होतंच. मीच मिक्सरच्या आवाजात ते ऐकलं नव्हतं. आमच्याकडे फळ शिजवून खाऊ करण्याची जुनी रीत आहे. शिजवलेला खाऊ कच्च्या शेकपेक्षा टिकतो आणि पोटालाही आधार देतो.

फणसाच्या दिवसांत सांदणं. बरक्या गऱ्यांचा रस चाळणीवर गाळून घ्यायचा. एक वाटी रसाला एक वाटी तांदळाचा रवा, किंचित भाजलेला, चिमूटभर मीठ, सैल करायला नारळाचं दूध. फणस गोड असेल तर गूळ नाममात्र. अर्धा तास भिजू द्यायचं आणि वाट्यांत घालून वीस मिनिटं वाफवायचं. त्याच फणसाच्या आठळ्या मीठ घालून उकडल्या की संध्याकाळचा खाऊ झाला.

केळी जास्त पिकली की नाचणीचे घावन. एक केळं कुस्करून त्यात वाटीभर नाचणीचं पीठ, दोन चमचे तांदळाचं पीठ, मीठ आणि लागेल तसं पाणी. तव्यावर छोटे छोटे, दोन्हीकडून नीट भाजलेले. पूर्ण निवाले की मगच डब्यात भरायचे, नाहीतर वाफेने ओले होतात. मुलगा हे मधल्या सुट्टीत संपवून येतो.

पिण्यासाठी कैरीचं पन्हं आणि कोकमाचं आगळ. कैरी उकडून गर काढून फ्रिजमध्ये ठेवला की दोन मिनिटांत पेला तयार होतो. गूळ मात्र चमच्याने मोजूनच. बाजारचं कोकम सरबत बहुतेक साखरेचंच असतं. आगळात फक्त मीठ असतं. पेलाभर पाण्यात दोन चमचे आगळ, जिरं, हवा तर चिमूटभर गूळ. रक्तदाब असलेल्यांनी त्यातल्या मिठाचा विचार करावा.

साठवणीबद्दल दोन गोष्टी सांगते, दोन्ही नुकसान सोसून शिकलेल्या.

एका वर्षी मी मेच्या शेवटच्या आठवड्यात आंबापोळी घातली. दोन दिवस ऊन मिळालं, तिसऱ्या दिवशी आभाळ आलं. मधे ओलसर असतानाच गुंडाळून डब्यात भरली. गणपतीत डबा उघडला तर पोळीवर राखाडी बुरशी. तेवढा भाग कापून बाकीचं वापरावं असा मोह झाला. तसं करू नका. दिसते त्याच्या आतपर्यंत बुरशीचे तंतू गेलेले असतात. आंबापोळी मेच्या सुरुवातीला, ताटाला तुपाचा हात लावून, पातळ थरांत घालावी. एक थर वाळल्यावरच दुसरा. दुमडली तरी चिकटत नाही, ताटातून अख्खी सुटते, तेव्हा ती झाली. दातांना ती चिकटते, म्हणून खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायची.

दुसरी गोष्ट निसर्ग चक्रीवादळाची. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि आमच्याकडची वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. फ्रीजरमध्ये वर्षभरासाठी ठेवलेला आंब्याचा रस मी एकेक डबा करून मातीत ओतला. सासूबाईंची आमसुलं, आगळ आणि त्यांनी वेळेवर घातलेली आंबापोळी मात्र शाबूत होती. तेव्हापासून रस थोडाच गोठवते, एका वेळी संपेल एवढ्या लहान डब्यांत. एकदा वितळलेला पुन्हा गोठवत नाही. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही. बंद दाराने तो सुमारे चार तास गारवा धरतो. त्यापुढे दूध आणि दुधाचं काही मुलांना द्यायचं नाही. पहिल्या पावसात वीज जाणार, हे धरूनच जूनची साठवण करायची.

आणि फळ घेताना एक लक्षात ठेवा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्या देशात बंदी आहे. ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे. मला सगळ्यात खात्रीची वाटते ती आपली अढी. ओळखीच्या बागेतून कच्चे आंबे आणायचे, पेंढ्यात लावायचे, रोज हात फिरवून पाहायचे. आता ते काम मुलं करतात. पिकलेला आंबा बोटांना कसा कळतो, हे त्यांना आता माझ्याइतकंच समजतं.

फळांची टोपली मी ओट्यावरून काढून खालच्या फळीवर, मुलीच्या हाताला येईल अशी ठेवली आहे. सगळ्या नियमांत याचाच उपयोग सर्वांत जास्त झाला. संध्याकाळी मी घरी येते तेव्हा ती बहुतेकदा उंबऱ्यात बसून केळं सोलत असते. साल कचऱ्यात टाकते आणि जेवायलाही बसते. निळ्या झाकणाची ती बाटली अजून घरात आहे. मुलगा ती रोज शाळेत नेतो. पाणी भरून.