आधी उलटी करून पाहा

सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. पाहुणे दिवाणखान्यात बसले होते आणि मी स्वयंपाकघरातून चहाची ट्रॉली घेऊन निघाले. उंबरठ्याशी ती अडली. मी जरा जोर लावला तशी चाकं जागीच राहिली, वरचा भाग पुढे झुकला आणि तिचा उजवा पाय चाकाच्या वरच्या बाजूला मोडला. किटली घसरली. उकळता चहा सासूबाईंच्या पावलावर सांडला.

पाऊल लगेच नळाखाली धरलं, वीस मिनिटं साधं पाणी सोडलं आणि मग डॉक्टरांकडे नेलं. जखम भरायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस आईंना चप्पलही घालता आली नाही. त्यांनी एका शब्दानंही मला बोल लावला नाही, पण ट्रॉली मी आणली होती, मीच पसंत केली होती आणि चूकही माझीच होती. ती नेमकी कुठे झाली हे इतरांना कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

ट्रॉली मुंबईतल्या जुन्या सामानाच्या एका दुकानातून घेतली होती. दोन मजली, पितळी कठड्याची, गडद पॉलिशची. ‘शंभर वर्षांची, अस्सल बर्मा टीक’ असं सांगून अठरा हजार घेतले. दुकानात मी तिचं पॉलिश पाहिलं, कठड्यावरून हात फिरवला, घरी ती कुठे शोभेल याचा विचार केला. खाली वाकून मात्र एकदाही पाहिलं नाही.

मोडल्यानंतर आमच्या सुतारकाकांनी तिला सतरंजीवर उलटी केली आणि दहा मिनिटांत सगळं समोर आलं. मोडलेला पाय सागाचा नव्हताच. हलक्या, फिकट लाकडावर गडद रंग चढवलेला होता. चाकाची खीळ ज्या भोकात बसते ते आतून किड्यांनी पोखरलं होतं आणि त्यात लांबी भरली होती. तबक पट्ट्यांना प्लसच्या स्क्रूंनी जोडलेलं होतं. त्या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली मिळालं. मूळ बांधणीतच तो असेल तर वस्तू शंभर वर्षांची असणं शक्यच नाही. काका एवढंच म्हणाले, “ताई, घेण्याआधी उलटी करायची होती.”

त्यानंतर मी बरंच वाचलं, बाजार पालथे घातले आणि सुतारांशी बोलले. माझं मत आता पक्कं आहे. चहाची ट्रॉली दिसते फर्निचरसारखी, पण काम करते वाहनाचं. ती उकळतं पाणी आणि काच घेऊन माणसांच्या आणि मुलांच्या मधून चालते. तेव्हा तिची पारख वाहनासारखी करावी, आणि खालून वर करावी.

पहिली चाकं. माझी ट्रॉली अडली ती किड्यांमुळे नाही, चाकांच्या मापामुळे. चाकाची त्रिज्या उंबरठ्याच्या उंचीपेक्षा मोठी नसेल तर नुसतं ढकलून ते वर चढतच नाही. माझी चाकं दोन इंची, म्हणजे त्रिज्या एक इंच, आणि आमचा उंबरठाही एक इंचाचा. माझा सगळा जोर ट्रॉलीच्या पायावर गेला आणि पोखरलेला पाय तुटला. म्हणून बाजारात जाण्याआधी घरातल्या प्रत्येक उंबरठ्याची उंची आणि दाराची रुंदी मोजून कागदावर लिहून न्या. फिनलंडचे वास्तुविशारद अल्व्हार आल्टो यांनी १९३६ साली आखलेली ट्रॉली तिच्या दोन मोठाल्या चाकांमुळे लगेच ओळखू येते. चाक मोठं असलं की उंचवटा, फरशीची फट, गालिच्याची कड सहज पार होते. जुनी छोटी चाकंच आवडली असतील तर ट्रॉली एकाच खोलीत वापरायची, हे आधीच ठरवा.

चाक हातानं फिरवा. डुगडुगतं का, अडतं का, पाहा. रबराची धाव कडक होऊन तडकली असेल तर ती फरशीवर घसरते आणि काळे डागही पाडते. ‘पितळी’ म्हटलेल्या चाकाला आणि कठड्याला लोहचुंबक लावा. पितळेला ते चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतं. चाकं नंतर बदललेली असली तर बिघडत नाही. पायाला घट्ट बसली आहेत ना, एवढं तपासा.

दुसरी कीड. ट्रॉली उलटी करून उजेडात पाहा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर त्यांच्या कडा पाहा. कडा गडद आणि मळलेल्या असतील तर भोक जुनं असण्याचा संभव आहे. कडा ताज्या, फिकट असतील आणि टिचकी मारल्यावर बारीक भुकटी पडत असेल, तर किडा अजून आत असावा. खात्री करायची तर ट्रॉलीखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण कडेचं फिकट लाकूड ती खाते. मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर ती वाळवी. अशी वस्तू घरात आणूच नका, कारण वाळवी एका ट्रॉलीवर थांबत नाही.

तिसरे सांधे. वरचा कठडा दोन्ही हातांनी धरून तिरकस हलवा. चांगल्या जुन्या कामात पाय आणि आडव्या पट्ट्या साल-कुसवानं जोडलेल्या असतात. ढिला झालेला असा सांधा सुतार उकलून, सरस लावून पुन्हा घट्ट करतो. खिळे ठोकून आवळलेला सांधा मात्र दर पावसाळ्यानंतर ढिला होत जातो. मग वजनाची परीक्षा. पाच-सहा किलोचं सामान वरच्या तबकात ठेवून दुकानातच चालवून पाहा. दुकानदार तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. तबकात काच असेल तर जुनी साधी काच काढून टफन्ड काच बसवून घ्या. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे तुकडे होतात.

चौथा रंग आणि पॉलिश. जुन्या कामावर बहुतेक वेळा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश असतं. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवला की ते चिकट होतं. मेलामाइन तसं होत नाही. लाखेच्या पॉलिशवर गरम किटली ठेवली की पांढरा डाग पडतो, म्हणून तबकावर जाड कापड अंथरा. रंगवलेली जुनी ट्रॉली घेतलीत तर तो रंग घरात कोरडा खरवडू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना अपाय करते.

आता वयाविषयी. शंभर वर्षांवरची ती अँटिक आणि त्याहून अलीकडची ती व्हिंटेज, असा ढोबळ संकेत आहे. चाकांच्या चहा-ट्रॉल्यांना इंग्लंडमध्ये खरा बहर आला तो दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, घरातले नोकर कमी झाले तेव्हा. मुंबईत आर्ट डेको इमारती उभ्या राहत होत्या तोही हाच काळ. त्यामुळे आपल्याकडे मिळणाऱ्या ट्रॉल्यांपैकी बऱ्याचशा व्हिंटेज असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. प्लायवूड किंवा सनमायका दिसली म्हणजे वस्तू नकली असंही नाही, विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या कामात ते मूळचंच असू शकतं. फक्त पैसे सांगितलेल्या वयाचे देऊ नका, दिसणाऱ्या कामाचे द्या, आणि पावतीवर लाकूड, अंदाजे काळ व केलेली दुरुस्ती लिहून घ्या. परदेशी राहणाऱ्या लेकीला किंवा भावाला पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा लागतो.

चोर बाजारातली मटण स्ट्रीट, जोगेश्वरीचा ओशिवरा बाजार, पुण्याचा जुना बाजार, सगळीकडे चांगल्या वस्तू मिळतात. दिवसाउजेडी जा, सोबत सुतार न्या. त्याला दिलेले हजार रुपये माझे अठरा हजार आणि आईंचे तीन आठवडे वाचवू शकले असते.

वर्षभरानं मी दुसरी ट्रॉली घेतली. साधी, सागाची, साधारण १९५० च्या सुमाराची, चार इंची चाकांची. तबकावर कपांच्या जुन्या खुणा आहेत, त्या मी घालवल्या नाहीत. वयस्क माणसं आधारासाठी तिला धरतात आणि ती सरकते, म्हणून दोन चाकांना ब्रेक बसवून घेतले. दर दिवाळीच्या साफसफाईत ती उलटी होते, स्क्रू आवळले जातात, चाकांत तेलाचा थेंब पडतो आणि खाली आठवडाभर काळा कागद राहतो.

पहिल्या दिवशी ती बाहेर आणली तेव्हा मी चहा न ठेवता रिकामीच उंबरठ्यावरून नेली. आई समोर पाय सोडून बसल्या होत्या. ट्रॉली न अडता जवळ आली, पण त्यांनी पाय आखडून घेतले. ती सवय अजून गेलेली नाही. म्हणून आमच्याकडे भरलेली किटली आजही ट्रॉलीवरून जात नाही. ट्रॉलीवर कपबशा आणि चकल्या येतात, चहा मी हातानं आणते.