पिटबुलवर बंदी, मग रॉटवायलर मोकळा कसा?

प्रश्न : आमचा भाचा इंग्लंडात राहतो. त्याला कुत्रा पाळायचा आहे. तो म्हणतो, "इथे रॉटवायलर चालतो, पिटबुल बेकायदा आहे." रॉटवायलर तर पिटबुलपेक्षा केवढा दांडगा! मग बंदी ठरते तरी कशावरून? आणि चावताना पिटबुलच्या जबड्याला कुलूप बसते, हे खरे आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : भाचा बरोबर सांगतो आहे. कुत्रा जितका मोठा तितका धोका मोठा आणि जिथे धोका तिथे बंदी, असा तुमचा हिशेब. कोणालाही पटेल असाच तो आहे, पण ब्रिटनचा कायदा या हिशेबाने झालेला नाही. त्याचे मूळ कुत्र्यांच्या झुंजींमध्ये आहे.

ब्रिटनमध्ये झुंजींवर 1835 मध्येच बंदी आली, तरी चोरून त्या चालूच राहिल्या. पुढे अमेरिकेतून पिटबुल आले. माणसांवर हल्ले होऊ लागले, वर्तमानपत्रांतून ओरड झाली आणि 1991 मध्ये संसदेने घाईघाईने 'डेंजरस डॉग्ज अ‍ॅक्ट' मंजूर केला. झुंजीसाठी पैदास केलेले किंवा तशा अंगलक्षणांचे कुत्रे, हा त्याचा निकष. त्यात पिटबुल टेरियर, जपानचा तोसा, अर्जेंटिनाचा डोगो आणि ब्राझीलचा फिला ब्रासिलेरो असे चार प्रकार आले. रॉटवायलर हा मुळात जर्मनीतला, गुरे हाकणारा आणि खाटकांच्या गाड्या ओढणारा कुत्रा. त्याचा झुंजींशी संबंध नव्हता, म्हणून तो सुटला. अर्थात ही रेघही फार सरळ नाही. डोगो घडवला गेला तो मुख्यतः रानडुकरांच्या शिकारीसाठी आणि फिला मळ्यांच्या राखणीसाठी, तरी दोघेही यादीत आहेत.

आता खरा गुंता. समोरचा कुत्रा पिटबुल आहे हे ठरवायचे कसे? वंशावळीचे कागद बघून, असे आपल्याला वाटते. पण ब्रिटनचा केनेल क्लब पिटबुलला जात म्हणून मानतच नाही, त्यामुळे तिथले कागद असणार कुठून? म्हणून कायदा जातीऐवजी 'प्रकार' पाहतो. प्रशिक्षित पोलीस अधिकारी डोके, छाती, पाय, उंची यांची मोजमापे घेतो आणि पुरेशी लक्षणे जुळली की कुत्रा 'पिटबुल प्रकारचा' ठरतो. आई-बाप कोण होते, डीएनए चाचणी काय सांगते, याला इथे महत्त्व नाही. त्यामुळे एकाच वेतातले एक पिल्लू बेकायदा आणि त्याचा भाऊ कायदेशीर, असेही होऊ शकते. शिवाय आपला कुत्रा त्या प्रकारचा नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो.

फ्रान्सने 1999 मध्ये याच्या नेमका उलटा रस्ता धरला. तिथे पिटबुलसारखा दिसणारा बिनकागदाचा कुत्रा पहिल्या, अतिशय कडक वर्गात मोडतो. तसाच दिसणारा, पण वंशावळीची नोंद असलेला अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर दुसऱ्या वर्गात जातो आणि अटी पाळून पाळता येतो. स्टॅफर्डशायर बुल टेरियर ब्रिटनमध्ये घरोघरी दिसतो, जर्मनीत मात्र त्याच्या आयातीवर बंदी आहे. कुत्रा तोच, देश बदलला की गुन्हा बदलतो.

जबड्याला कुलूप बसते ही मात्र निव्वळ दंतकथा. पिटबुलच्या जबड्याची हाडे आणि स्नायू यांची रचना इतर कुत्र्यांसारखीच असते. फरक आहे तो सवयीत. झुंजीसाठी निवडून वाढवलेल्या वंशांत धरलेली पकड न सोडण्याची प्रवृत्ती असते, आणि अंगात ताकद असल्याने जखम खोल होते. कुलूप खोटे असले तरी लोकांची भीती खोटी नाही.

मग बंदीने काय साधले? मला विचाराल तर थोडेच. यादी झाली तरी तसाच दांडगा कुत्रा हवा असणारे लोक तेच राहिले. त्यांना पुढे पिटबुलचाच अमेरिकन नातलग, एक्सएल बुली, मिळाला. तो यादीत नव्हता. त्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये 31 डिसेंबर 2023 पासून त्याची विक्री आणि पैदास बंद झाली. 1 फेब्रुवारी 2024 पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय तो पाळणे गुन्हा ठरले. नसबंदी, मायक्रोचिप, विमा आणि बाहेर नेताना साखळी व मुसके या अटींवर 50,000 हून अधिक कुत्र्यांना सूट मिळाली. नेदरलँड्सने 1993 मध्ये आणलेली पिटबुलबंदी पंधराएक वर्षांनी मागे घेतली, कारण चाव्यांचे प्रमाण तिने कमी झाले नाही. ब्रिटिश कायद्यातले दुसरे एक कलम मला अधिक मोलाचे वाटते : कुठल्याही जातीचा कुत्रा धोकादायकरीत्या आवाक्याबाहेर गेला तर मालक गुन्हेगार, आणि त्यात माणूस मेला तर 14 वर्षांपर्यंत कैद. इथे रॉटवायलरही सुटत नाही.

आपल्याकडे मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 प्रकारांची आयात, पैदास आणि विक्री रोखण्यास सांगणारे पत्र राज्यांना पाठवले होते. त्यात तोसाचे नाव दोनदा आणि 'टेरियर' असा अख्खा गटच घातलेला होता. संबंधितांशी सल्लामसलत झाली नव्हती. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही.

भाच्याला एवढे जरूर कळवा : एक्सएल बुलीच्या सुटीचे अर्ज 31 जानेवारी 2024 लाच बंद झाले. विकणारा "हा छोटा बुली आहे" म्हणाला तरी पिल्लू वाढून नर 20 इंच किंवा मादी 19 इंच खांद्यापर्यंत भरली आणि बाकीची लक्षणे जुळली, तर जबाबदारी पाळणाऱ्याचीच. तेव्हा आई आणि बाप दोघांनाही प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पिल्लू घरी आणू नये.