आजचे चिंतन: गीता १७.७ ते १०, शिळं अन्न कोणाचं?



आज आपण सतराव्या अध्यायातल्या आहाराच्या श्लोकांवर आलो. हे श्लोक बऱ्याच जणांकडे व्हॉट्सअॅपवरून आधीच पोचलेले असतात, कांदा-लसूण वर्ज्य वगैरे. (मूळ श्लोकांत कांद्याचं नावही नाही. रोज चाकणला कामाला जाणारा माणूस आहे, कांद्याची बाजू घेणारच.)

थोडक्यात अर्थ असा. आठव्यात सात्त्विकाला आवडणारा आहार येतो: आयुष्य, सत्त्व, बळ, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवणारा, रसाळ, स्निग्ध, पोटाला आधार देणारा. नवव्यात राजस: फार तिखट, आंबट, खारट, कढत, कोरडं, जळजळ करणारं. थोडक्यात, माझा शुक्रवार संध्याकाळचा ऑर्डर केलेला मेन्यू. दहाव्यात तामस: यातयाम, रस गेलेलं, वास मारणारं, शिळं, उष्टं.

'यातयाम' शब्दावर जरा थांबू. याम म्हणजे प्रहर, तीन तास. शिजवून प्रहर उलटला की अन्न यातयाम. शंकराचार्य मात्र याचा अर्थ अर्धवट शिजलेलं असा करतात, कारण निःसत्त्व हा अर्थ पुढच्या 'गतरस' शब्दात येऊनच जातो. माउलींनी ज्ञानेश्वरीत दोन्ही घेतलंय: सकाळचं दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी खाल्लेलं, आणि अर्धकच्चं किंवा करपलेलंही. आता माझा हिशोब. डबा पहाटे साडेपाचला भरतो, उघडतो साडेबाराला. दोन प्रहर उलटून वर एक तास. आपल्या पट्ट्यात बसने कंपनीत जाणारे सगळेच या व्याख्येत सापडतील.

खरी अडचण मात्र पुढे झाली.

आमच्या मजल्यावर शेजारी एक आजी राहतात. त्यांचे यजमान एचएमधून, म्हणजे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून रिटायर झाले. १९५४ साली सुरू झालेला, पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना. पिंपरी औद्योगिक झाली ती तिथपासून, असं आजी अभिमानाने सांगतात. यजमान गेले, मुलगा बंगळुरूला. आम्ही दोघं नोकरीला, म्हणून आमची मुलगी शाळेच्या बसमधून उतरली की थेट आजींकडे. संध्याकाळी तिला आणायला गेलो की ती गरम थालीपीठ नाहीतर मऊ भात खात बसलेली असते. आम्ही बाहेर सांगायचो, आमची लेक जंक खात नाही!

हे चिंतन लिहिताना मी नेहमीप्रमाणे आजींना वाचून दाखवत होतो. माझे संस्कृतचे उच्चार त्याच सुधारतात. दहावा श्लोक झाला आणि त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे मी तामसी झाले की रे."

मला कळेना. तेवढ्यात बायको दही ठेवायला त्यांच्या फ्रिजकडे गेली होती, ती बघतच राहिली. रविवारी केलेल्या आमटीचं पातेलं, आणि त्या दिवशी होता बुधवार. "एकटीसाठी रोज कुकर लावायचा? एवढीशी डाळ तळाशी दिसतसुद्धा नाही," आजी म्हणाल्या. आमटीला चव उरत नाही म्हणून सोबत लोणचं आणि पापड. बीपीची गोळी चालू असताना. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तोही दिवसभरातलं सगळं धरून.

म्हणजे माझ्या मुलीला रोज ताजं करून घालणारी बाई स्वतः तीन दिवसांचं खात होती, आणि मी तिला श्लोक ऐकवत होतो. त्या रात्री ही पोस्ट पूर्ण करायला हात धजेना.

मग श्लोक पुन्हा वाचले. सातव्यापासून दहाव्यापर्यंत एक गोष्ट सारखी येते: प्रिय, आवडणारं. भगवंत माणसाच्या आवडीबद्दल बोलतायत. ज्याला शिळंच रुचतं तो तामस. शेतावर जाताना शिळी भाकर बांधून नेणारे आपले आजे-पणजे तामस नव्हते, आणि आजीही नाहीत. त्यांना ते आवडत नाही, त्यांच्या ताटासमोर कोणी बसायला नाही एवढंच.

आणि आठव्या श्लोकातली 'प्रीती'. टीकाकार बहुधा तिचा अर्थ समाधान, रुची असा घेतात. मी जरा माझ्या सोयीने वाचतोय, पण तिसऱ्या अध्यायातला तेरावा श्लोक सोबत ठेवून बघा. तिथे केवळ स्वतःसाठी शिजवणाऱ्याला फार कडक शब्द आहेत. आपल्या डाएट अॅपमध्ये प्रोटीन आहे, कॅलरी आहे, प्रीतीचा कॉलम नाही.

बायकोने लगेच डबा द्यायची तयारी केली, तर आजी चिडल्या. "डबा कशाला? मी काय पेशंट आहे?" आमचं चुकलंच. देणारे फक्त आम्ही असं तिला वाटलं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. मंडईतून भाजी मी आणायची, आमटी-भाजी त्या करणार, पण दोन्ही घरांची, म्हणजे कुकर भरतो. पोळ्या आमच्याकडे, जेवण सव्वासातला आमच्या टेबलावर. स्वयंपाकात मीठ कमी, ज्याला हवं त्याने ताटात घ्यावं. पहिले चार दिवस सगळ्यांनाच पाणचट लागलं, आजींना सगळ्यात जास्त. लोणच्याची बरणी अजून त्यांच्याकडेच आहे. त्यावर चर्चा चालू आहे.

काल चाकण चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. "भाकरी टाकू का थांबू? गार झालेली तुला तुझ्या श्लोकात चालत नाही."

थांबा म्हटलं.

उद्या १७.११, यज्ञाचे तीन प्रकार.