शिक्षकाचा थकवा आणि शाळेतील विश्वास

शिक्षक यांत्रिकपणे शिकवू लागला की आपण त्याला कामचुकार म्हणून मोकळे होतो. मला हे निदान अपुरे वाटते. अमेरिकेतील मास्लॅक व जॅक्सन यांनी १९८१ मध्ये अशा अवस्थेची तीन अंगे मांडली: भावनिक थकवा, समोरच्या माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. म्हणजे कोरडेपणा हा स्वभावदोषच असतो असे नाही.

हा थकवा एकट्याने उतरणारा नव्हे. ब्रिक व श्नायडर यांनी शिकागोतील प्राथमिक शाळांच्या अभ्यासातून २००२ मध्ये दाखवले की, मुख्याध्यापक, शिक्षक व पालक यांच्यात विश्वास असेल तेथे शाळा सुधारण्याची शक्यता अधिक. आदर, आस्था, कार्यक्षमता व सचोटी हे त्या विश्वासाचे आधार. तेव्हा तपासणीचे रकाने वाढवण्याआधी शिक्षकाचे म्हणणे ऐकून घ्यावे. आपल्यापैकी अनेकजण उद्या वर्गावर उभे राहतील. हा प्रश्न आपलाही आहे.